शिंगं कुणाच्या डोक्यावर?

रोममध्ये कलोसियमपासून दहाएक मिनिटं चढ चढून गेलं की सान पिएत्रो इन विंकोली हे चर्च लागतं. बाहेरून इतकं साधं, की मुद्दाम शोधत आल्याशिवाय कुणी आत शिरणार नाही. आत उजव्या बाजूच्या टोकाला पोप दुसरा ज्यूलियस याचं स्मारक आहे आणि त्यात मधोमध मायकेलअँजेलोचा मोशे बसलेला आहे. १५१३ ते १५१५ च्या सुमाराला घडवलेली ही संगमरवरी मूर्ती बसलेली असूनही पावणेआठ फूट भरते. मान डावीकडे वळलेली, उजव्या हाताची बोटं छातीवर रुळणाऱ्या दाढीत गुंतलेली, काखेखाली आज्ञांच्या दगडी पाट्या. आणि कपाळावरच्या कुरळ्या केसांतून वर आलेली दोन शिंगं. वाढलेल्या बैलाची नव्हेत; गोऱ्ह्याला पहिल्या वर्षात येतात तसे आखूड, जाड, बोथट कोंब.

इथे आले की गाईड एकच गोष्ट सांगतात. सिनाय पर्वतावरून उतरताना मोशेचा चेहरा तेजानं झळकत होता असं मूळ हिब्रूत होतं. लॅटिनमध्ये आणणाऱ्याला तो शब्द कळला नाही, त्यानं ‘झळकणं’च्या जागी ‘शिंगं येणं’ लिहिलं, आणि बिचाऱ्या मायकेलअँजेलोनं ते दगडात कोरून ठेवलं. मंडळी हसतात, फोटो काढतात, पुढे सरकतात. गोष्ट इतकी आटोपशीर आहे की तिचा संशयच यावा. माझ्या मते ती चुकीची आहे आणि शिवाय आळशी आहे. एखादी जुनी खूण आपल्याला विचित्र वाटली की ‘कुणाची तरी चूक झाली असणार’ म्हणून हात झटकायचे, एवढंच त्या गोष्टीत आहे.

आधी तो शब्द पाहू. हिब्रूत क-र-न या तीन व्यंजनांपासून ‘केरेन’ होतो, त्याचा अर्थ शिंग. त्याच व्यंजनांचं क्रियापद बायबलमधल्या निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशेच्या चेहऱ्यासंबंधी तीनदा येतं. शिंगासारखं काही चेहऱ्यातून बाहेर आलं, हे शब्दात आहेच. ते बाहेर आलेलं म्हणजे किरण की शिंग, हा प्रश्न. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘महिमा प्राप्त झाला’ असं केलं. दुसऱ्या शतकातल्या अक्विलानं मात्र शब्दाला शब्द ठेवून ‘शिंगं आली’ असं ग्रीक केलं. आणि ज्याच्यावर सगळं खापर फुटतं तो लॅटिन भाषांतरकार जेरोम? तो बेथलेहेमात ज्यू शिक्षकांकडून हिब्रू शिकत, चौथ्या शतकाच्या अखेरीला आणि पाचव्याच्या आरंभी हे काम करत होता. ग्रीक पाठ त्याला माहीत होता, अक्विलाही माहीत होता. दोन्हींचा उल्लेख त्यानं आपल्या भाष्यात केलेला आहे. समोर दोन अर्थ असताना त्यानं एक घेतला. त्याला चूक कसं म्हणायचं?

त्यानं तो का घेतला असावा, हे मराठी माणसाला चटकन लक्षात येत नाही, कारण आपली भाषा आडवी येते. आपल्याकडे ‘त्याला शिंगं फुटलीत’ म्हटलं की तो माजला असा अर्थ. जुन्या करारात शिंग म्हणजे बळ, मान, तारण. वेदीच्या चार कोपऱ्यांना चार शिंगं असत. जीव वाचवायला पळत आलेला माणूस ती शिंगं धरून बसे. दाविदाचा सेनापती यवाब तसा बसला होता, शलमोनानं त्याला तिथेच मारवलं ही गोष्ट वेगळी. राजाचा अभिषेक व्हायचा तो शिंगात भरलेल्या तेलानं. या भाषेत ज्याच्या चेहऱ्याला शिंगं आली तो देवाचं बळ घेऊन खाली उतरला.

आणखी एक हिशेब कुणी मांडत नाही. जेरोमनं लिहिलं ते इसवी सन ४०० च्या आसपास. शिंगवाल्या मोशेचं आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जुनं चित्र अकराव्या शतकातलं, इंग्लंडमधल्या एका सचित्र हस्तलिखितातलं. मधली सहाशे वर्षं युरोपभर तेच लॅटिन बायबल वाचलं जात होतं आणि चित्रांतला मोशे बिनशिंगाचाच होता. शब्दानंच शिंगं काढली असती तर सहाशे वर्षं वाट पाहिली नसती. रूथ मेलिंकॉफ या अभ्यासिकेनं १९७० साली या एकाच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. शिंगं उगवली ती अकराव्या शतकातल्या लोकांना शिंगाचा मान परिचयाचा होता म्हणून, असा त्यातला रोख आहे. मला तो पटतो.

हा मान किती जुना आहे ते पाहायचं तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जावं. तिथे हम्मुराबीच्या कायद्याचा काळा दगड उभा आहे, सव्वादोन मीटर उंच. माथ्यावर दोन माणसं कोरलेली दिसतात. एक बसलेला, एक उभा. दोघांनाही दाढी, दोघांच्याही अंगावर लांब वस्त्र. देव कोण नि राजा कोण हे कळतं ते डोक्यावरून. बसलेल्या शमश देवाच्या मुकुटावर शिंगांच्या जोड्या एकावर एक चढवलेल्या आहेत. हम्मुराबीच्या डोक्याला साधी गोल टोपी. फौजदाराच्या खांद्यावरचे तारे मोजावेत तशी मेसोपोटेमियात शिंगं मोजली जात. त्याच संग्रहालयात नराम-सिनचा विजयस्तंभ आहे, हम्मुराबीच्या आधीचा, ख्रिस्तपूर्व २२५० च्या सुमाराचा. शत्रूंना तुडवत डोंगर चढणाऱ्या त्या राजाच्या शिरस्त्राणाला दोन शिंगं आहेत. जिवंतपणी स्वतःला देव म्हणवून घेणारा तिथला पहिला राजा तोच. बढतीचा हुकूम शब्दांत लिहायची गरजच नव्हती.

इजिप्तच्या हाथोरला गाईची शिंगं, आमुनला मेंढ्याची. सिकंदर ख्रिस्तपूर्व ३३१ मध्ये सीवाच्या आमुनमंदिरात गेला आणि त्याच्या मरणानंतर लायसिमॅकसनं पाडलेल्या नाण्यांवर त्याच्या कानामागे मेंढ्याचं वळणदार शिंग आलं. कुराणातल्या झुल्करनैन या नावाचा अर्थच ‘दोन शिंगांचा’. तो सिकंदरच, असं कितीतरी टीकाकार मानत आले.

आता धर्मगुरूंच्या डोक्याकडे येऊ. कॅथलिक बिशपची उंच टोपी, मायटर, आपण सिनेमात पाहिलेली असते, गोव्यात सणासमारंभाला प्रत्यक्षही. समोरून ती कमळाच्या मिटल्या पाकळीसारखी दिसते. बाजूनं पाहा: पुढचं एक टोक, मागचं एक, मध्ये खोल खाच. रोमचं हे शिरोभूषण बिशपांना दिलं जाऊ लागल्याचे लेख अकराव्या शतकाच्या मध्यापासून मिळतात. १०४९ मध्ये पोप नववा लिओ यानं ट्रियरच्या बिशपला ते दिलं. बाराव्या शतकात त्याच्या दोन्ही बाजू फुगून वर आल्या, कानांवर दोन टोकं उभी राहिली. नेमकी शिंगांच्या जागी. पुढे कुणीतरी टोपी पाव फेरा फिरवली आणि टोकं पुढेमागे गेली. चर्चनं यावर कधी आडपडदा ठेवला नाही. त्या टोकांना लॅटिनमध्ये शिंगंच म्हणतात. जुना करार आणि नवा करार ही ती दोन शिंगं, आणि मोशेच्या मुखावर होती तशी ती बिशपच्या मस्तकी शोभोत, अशा आशयाची प्रार्थना बिशपच्या दीक्षाविधीत मायटर चढवताना शतकानुशतकं म्हटली गेली. म्हणजे रोमच्या त्या चर्चमध्ये पर्यटक ज्या शिंगांना हसतात, त्याच शिंगांच्या नावानं बिशप मंडळी अभिमानानं डोकं झाकत होती. चूक असती तर ती कुणी टोपी करून घातली असती का?

ही टोपी आपल्या बुद्धिबळातही आहे. भारतातून इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेलेल्या पटावर राजाशेजारी हत्ती होता. मूर्ती घडवायला नको म्हणून मुसलमान कारागिरांनी सोंगट्या ठोकळेवजा केल्या; हत्तीचा झाला एक गोल ठोकळा आणि त्यातून पुढे आलेले दोन टोकदार उंचवटे, म्हणजे सुळे. सुळे माहीत नसलेल्या इंग्रजांना त्यात मायटरची दोन टोकं दिसली आणि सोंगटीचा बिशप झाला. फ्रेंचांनी मात्र त्याच सोंगटीला विदूषक केलं. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या बाराव्या शतकातल्या सोंगट्यांत सोळा बिशप आहेत, वॉलरसच्या दातात कोरलेले, डोळे वटारलेले, मायटर चढवलेले. आपल्या घरातल्या प्लॅस्टिकच्या पटावरही त्या सोंगटीच्या डोक्यावर तिरपी खाच असते. तिला आपण उंट म्हणतो. एका दोन टोकांच्या ठोकळ्यात कुणी हत्ती पाहिला, कुणी धर्मगुरू, कुणी विदूषक. ठोकळा सगळ्यांपुढे तोच होता.

शिंगांना ग्रंथांचं नाव देण्याची बिशपांची युक्ती आपल्याला नवी वाटायचं कारण नाही. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, अठ्ठावन्नाव्या सूक्तात, चार शिंगांचा, तीन पायांचा, दोन डोक्यांचा, सात हातांचा एक डरकाळणारा वृषभ येतो. त्याच्या आदल्याच ऋचेत चार शिंगांचा ‘गौर’ आहे, म्हणजे रानगवा. हे जनावर नेमकं काय असावं यावर डोकं खाजवत न बसता निरुक्तानं चार शिंगं म्हणजे चार वेद असं सांगून टाकलं. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच त्याला व्याकरण शिकवलं: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात ही चार शिंगं, तीन काळ हे पाय, सात विभक्ती हे हात. मला या अर्थाचं फार कौतुक आहे. रानातलं धूड आणून त्याला विभक्ती चालवायला लावणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण शिंगं ओळखीची आणि अंगावर येणारी असली की विद्वान त्यांना पोथीत बांधतात, हे इथेही दिसतं आणि रोमलाही.

ज्यांनी पोथीत बांधलं नाही त्यांच्या डोक्यावर ती अजून आहेत. बस्तरमधले दंडामी माडिया लग्नकार्यात, सणाला ढोल गळ्यात अडकवून नाचतात तेव्हा पुरुषांच्या डोक्यावर बांबूच्या सांगाड्यात बसवलेली रानगव्याची खरी शिंगं असतात, वर पिसांचा तुरा, आणि पुढे कवड्यांच्या माळांचा पडदा, चेहरा झाकेल एवढा दाट. नाचता नाचता दोन गडी गव्यांसारखे एकमेकांवर चालून जातात. इंग्रज अधिकारी ग्रिगसन यांनी १९३८ च्या पुस्तकात त्यांना ‘बायसन-हॉर्न माडिया’ म्हटलं आणि तेच नाव त्यांना चिकटलं. माणसांची अख्खी जमात एका टोपीवरून ओळखली गेली. तीही परक्यानं ठेवलेल्या नावानं.

परक्यानं ठेवलेल्या नावांत सगळ्यात गाजलेलं नाव पशुपतीचं. मोहेंजोदडोला १९२८-२९ च्या हंगामात अर्नेस्ट मॅके यांच्या उत्खननात मिळालेली ती ४२० क्रमांकाची मुद्रा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची आहे, टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी. पुस्तकांत ती पानभर छापतात म्हणून मोठी वाटते. आसनावर टाचा जुळवून बसलेली आकृती, हातांत मनगटापासून दंडापर्यंत बांगड्या, भोवती हत्ती, वाघ, गेंडा, म्हैस, आसनाखाली हरणांसारखी दोन जनावरं. डोक्यावर रुंद पसरलेली, अंगावर वळ्या असलेली दोन शिंगं आणि मध्ये उंच तुरा. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये जाहीर केलं की हा शिवाचा पूर्वज. शिंगं आणि तुरा मिळूनच पुढे त्रिशूळ झाला असावा.

शंकराच्या देवळात शृंगदर्शन घेतात ते लहानपणी मला आजीनं शिकवलं. नंदीच्या मागे उभं राहायचं, अंगठा आणि तर्जनी त्याच्या दोन शिंगांवर टेकवायची आणि मधल्या फटीतून पिंडीकडे पाहायचं. शिंगांकडे नजर जाताच कामा नये, ती पिंडीवर जायला हवी. मार्शल यांनीही एका अर्थी शृंगदर्शनच घेतलं. शिंगांतून पलीकडे पाहिलं आणि त्यांना पिंडी दिसली. पण नजर जरा शिंगांवरच ठेवली तर? ती शिंगं बैलाची नाहीत, म्हशीची आहेत. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर वशिंडाचा देखणा बैल सापडतो, पण या आकृतीच्या डोक्यावर त्याची शिंगं नाहीत. शिवाचं वाहन बैल. म्हैस ही आपल्या पुराणांत यमाची, आणि त्याहून ठळक म्हणजे महिषासुराची. डोरिस श्रीनिवासन यांनी १९७५ मध्ये शिवाच्या तर्कावर आक्षेप घेतले, आल्फ हिल्टबाइटल यांनी १९७८ मध्ये सरळ महिषाची आठवण करून दिली. तरी शाळेच्या पुस्तकातून ‘पशुपती’ हटत नाही. लिपी वाचता आलेली नसताना एका मुद्रेचं नाव इतकं ठाम कसं, हे विचारायला हवं.

म्हशीचा दरारा इथेही जुना आहे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना जी चार भरीव ब्राँझची शिल्पं निघाली, साठ किलोंहून जास्त वजनाची, त्यांत हत्ती, गेंडा आणि बैलगाडीसारख्या रथाच्या जोडीला चाकांच्या पाटावर उभी एक म्हैस आहे.

शिंगांची पत घसरली कशी? युरोपात ते उघड दिसतं. राव्हेनातल्या सहाव्या शतकातल्या मोझाइकमध्ये शेळ्यांच्या बाजूला उभा असलेला निळा देवदूत अनेकांच्या मते सैतानाचं सगळ्यात जुनं चित्र आहे, आणि तो सुंदर आहे, बिनशिंगाचा. मध्ययुग पुढे सरकलं तशी सैतानाला शेपूट आली, खूर आले, शिंगं आली. १२६७ मध्ये व्हिएन्नाच्या धर्मसभेनं ज्यूंनी ‘शिंगदार टोपी’ घातलीच पाहिजे असा ठराव केला. विचार करा: त्याच शतकात, त्याच चर्चचे बिशप दोन शिंगांची टोपी घालून त्या सभांना बसत होते. शिंग बिशपच्या डोक्यावर असलं तर करार, ज्यूच्या डोक्यावर असलं तर कलंक. ज्यूंना खरोखरच शिंगं असतात ही समजूत युरोपात नंतर कित्येक शतकं टिकली, आणि शिंगवाल्या मोशेकडे बोट दाखवून ती पक्की करणारेही होते. म्हणून ‘भाषांतराची चूक’ ही गोष्ट मला खटकते. ती सगळा दोष जेरोमच्या शब्दकोशावर टाकते, आणि ज्यांनी मानाची खूण उचलून शेजाऱ्याच्या कपाळी डाग म्हणून मारली त्यांना मोकळं सोडते.

आपल्या कोकणात ज्यूंबद्दल असलं काही रुजलं नाही. इथले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शिंगं होती ती घाण्याच्या बैलाला. आणि एक होतं सिनेगॉगमध्ये, मेंढ्याचं, नववर्षाला फुंकायचं: शोफार.

पण म्हणून आपण शहाणे, असं समजू नये. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या गुहेत देवी सिंहावरून चालून येते आणि समोर महिष उभा आहे. धड माणसाचं, तोंड म्हशीचं, हातात गदा, आणि डोक्यावर छत्र. शिल्पकारानं त्याला राजा म्हणूनच उभं केलंय. वेरूळच्या कैलासात तर तो सगळा माणूसच आहे, ओळखायला तेवढी शिंगं ठेवलेली. पुढच्या मूर्तींत छत्र गेलं, धड गेलं. देवीच्या पायाखाली उरलं तुटलेलं म्हशीचं डोकं. तुळजापूरच्या भवानीपुढे आपण हात जोडतो तेव्हा त्या डोक्याकडे कुणी पाहत नाही. आणि त्याच महाराष्ट्रात गावाबाहेर, शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला तांदळा असतो, त्याला नारळ फोडल्याशिवाय नांगर धरत नाहीत. त्याचं नाव म्हसोबा. नावातच म्हैस आहे. दगडाला शिंगं कोरलेली नसतात, शेंदूर मात्र दरवर्षी नवा चढतो. एका देवळात मारायचा आणि दुसऱ्या टोकाला पुजायचा, हे आपल्याला विसंगत वाटत नाही, कारण आपण दोन्हीकडे एकाच वेळी पाहत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पाहिलं. पुण्याच्या आसपास पायी हिंडून त्यांनी नोंदवलं की जी देवी एकीकडे महिषाला मारते तिचंच रूप दुसरीकडे त्याची बायको आहे: वाकडला म्हातोबाची, म्हणजे म्हसोबाच्याच एका रूपाची, जोगुबाई. पुरंदर तालुक्यातल्या वीरला म्हस्कोबा आणि जोगुबाईचं लग्न आजही यात्रेत लागतं. कोसंबींचं पुस्तक १९६२ मध्ये आलं तेव्हा वाकड हे पुण्याबाहेरचं खेडं होतं. आता तिथे आयटीवाल्यांचे वीस-वीस मजले उभे आहेत, आणि चैत्रात हिंजवडीहून निघालेलं म्हातोबाचं बगाड त्या मजल्यांमधून वाट काढत वाकडच्या देवळाशी येतं.